आधी काच मोजा, मग पावती फाडा

मोटारीच्या काचा काळ्या आहेत म्हणून पाचशे रुपयांचे चलान आले, की बहुतेक वाहनमालक दोहोंपैकी एक गोष्ट करतात. काही जण पैसे भरून मोकळे होतात, बाकीचे लोकअदालतीची तारीख लागेपर्यंत चलान तसेच पडू देतात. कायद्याने तिसराही मार्ग ठेवला आहे. आरोप मान्य नाही असे सांगायचे आणि दंडाधिकाऱ्यासमोर पुरावा मागायचा. या वाटेने जाणारे फार थोडे, आणि जे जातात त्यांच्याकडे पळवाट शोधणारे म्हणून पाहिले जाते. हे मला साफ चुकीचे वाटते. काळ्या काचांवरची बंदी योग्य आहे आणि ती कडकपणे राबवली गेलीच पाहिजे. पण ज्या नियमात टक्केवारीचा आकडा लिहिलेला आहे, त्या नियमाखाली नजरेच्या अंदाजाने दंड करता येत नाही. मोजमाप न करता फाडलेल्या पावतीला जो आव्हान देतो, तो नियम मोडत नाही. तो नियम होता तसा वाचायला लावतो.

नियम काय आहे, ते आधी पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. हा आकडा वर्षानुवर्षे पुस्तकात होता आणि रस्त्यावर मात्र जो तो हवी तेवढी काळी फिल्म लावून फिरत होता. अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला आणि ४ मे २०१२ पासून देशभर चित्र बदलले, निदान कागदावर तरी. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया, न्या. ए. के. पटनाईक आणि न्या. स्वतंत्र कुमार यांच्या खंडपीठाने सांगितले, की फिल्मची टक्केवारी कितीही असो, मोटारीच्या काचेवर काळी फिल्म किंवा दुसरे काहीही चिकटवायचे नाही. पोलिसांनी चलान करावे आणि फिल्म जागच्या जागी काढून टाकावी. कारखान्यातच झाक देऊन बनवलेली काच मात्र ७० आणि ५० टक्क्यांच्या मर्यादेत असेल तर चालेल. फिल्मचे उत्पादक आणि विक्रेते पुन्हा न्यायालयात गेले, पण ३ ऑगस्ट २०१२ रोजी त्यांना नकारच मिळाला. वर राज्यांच्या पोलिसप्रमुखांना तंबी मिळाली, की अंमलबजावणीत कसूर झाली तर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होईल.

म्हणजे ‘काळी काच’ या एका शेऱ्याखाली दोन निरनिराळे आरोप येतात. एक, काचेवर फिल्म चिकटवली आहे. दुसरा, मूळ काचच मर्यादेपेक्षा काळी आहे. दोन्हींचा पुरावा वेगळा. फिल्म आहे की नाही हे ओळखणे अवघड नाही. काच अर्धी खाली करून वरच्या कडेवर नख फिरवले की समजते. दुकानात लावलेली फिल्म बहुधा कडेच्या किंचित आधी संपते, तिथे नख अडते आणि उघड्या काचेची एक बारीक पट्टी दिसते. कारखान्यातल्या काचेत रंग काचेच्या अंगातच असतो, तो कडेपर्यंत सारखा भिनलेला दिसतो. शिवाय काचेच्या कोपऱ्यात निर्मात्याचे नाव आणि आयएसआयचा शिक्का कोरलेला असतो. या सगळ्याला दोन मिनिटे पुरतात. फिल्म सापडली, तर कडेचा एक जवळून घेतलेला फोटो पुरेसा बोलका आहे आणि तिथे टक्केवारी मोजत बसण्याचे कारण नाही. फिल्म नसेल, तर मात्र उरतो तो फक्त आकड्याचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर यंत्रानेच द्यायला हवे.

डोळ्यांना हे उत्तर का देता येत नाही, याला साधे भौतिकशास्त्रीय कारण आहे. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला गाडीच्या आतले दिसते ते दोनदा काच ओलांडलेल्या प्रकाशात. ऊन काचेतून आत जाते, आसनावर पडते आणि परावर्तित होऊन त्याच किंवा समोरच्या काचेतून पुन्हा बाहेर येते. काच ५० टक्के प्रकाश सोडणारी, म्हणजे नियमात पूर्णपणे बसणारी असेल, तर दोनदा गाळला गेलेला प्रकाश उरतो निम्म्याच्या निम्मा, म्हणजे २५ टक्के. त्यात आसनांची कव्हरे काळी असली, गाडी झाडाखाली किंवा उड्डाणपुलाच्या सावलीत उभी असली, काचेवर आकाशाचे प्रतिबिंब पडले असले, तर कायदेशीर काचही भर दुपारी काळीकुट्ट दिसते. नाकाबंदीवर आठ-दहा तास उन्हात उभ्या असलेल्या वाहतूक अंमलदाराला ती बेकायदा वाटली, तर त्यात त्याचा दोष नाही. दोष आहे तो त्याच्या हातात यंत्र न देता त्याच्याकडून निवाडा मागणाऱ्या व्यवस्थेचा. हे यंत्र काही दुर्मीळ नाही. काचेच्या एका बाजूला ठरावीक तीव्रतेचा दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा भाग, मध्ये काच, आणि पडद्यावर टक्क्यांचा आकडा. हाताच्या पंजात मावेल एवढे ते असते. ब्रिटनमध्ये पुढच्या काचेला ७५ आणि पुढच्या दारांच्या काचांना ७० टक्क्यांची मर्यादा आहे आणि तिथे पोलीस व वाहन तपासनीस अशाच उपकरणाने ती तपासतात.

आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यातले बाकीचे आकडे आपण मोजूनच ठरवतो. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यांश आढळला तर होतो. त्यासाठी फुंकर मारायला लावतात, शंका असेल तर रक्त तपासतात. तोंडाला वास येतोय एवढ्यावर कोणाला दोषी धरत नाहीत. वेगमर्यादेसाठी स्पीडगन आहे. धुरासाठी पीयूसी आहे, ज्यात डिझेलच्या धुराची घनता आणि पेट्रोलच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आकड्यात येतो. जादा मालासाठी वजनकाटा आहे. मग काचेलाच अंदाजाची सवलत का? वाहतूक शाखेने गाडी भरधाव ‘वाटली’ म्हणून चलान केले, तर आपण ते एक दिवसही खपवून घेणार नाही. सिग्नलवरच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोवरून काचेचे चलान करण्यात तर याहूनही मोठी अडचण आहे. फोटोत वाहनाचा क्रमांक दिसतो, काच गडद दिसते, पण तिच्यातून किती प्रकाश जातो हे फोटोतून कोणालाही काढता येणार नाही आणि फिल्मची कडही त्यात दिसणार नाही.

आता पुराव्याच्या आणखी एका बाजूकडे पाहू. ती फारशी कोणी बोलत नाही, पण मला ती सर्वांत गंभीर वाटते. न्यायालयाने फिल्म तिथल्या तिथे काढायला सांगितले आणि ते योग्यच होते, नाहीतर लोक दंड भरून तीच फिल्म मिरवत राहिले असते. पण फिल्म ओरबाडून काढली की पुरावाही तिच्याबरोबर गेला. नंतर कोर्टात वाहनमालक म्हणणार, फिल्म नव्हतीच. अंमलदार म्हणणार, होती. दोघांकडेही दाखवायला काही नाही. अशा वेळी दंडाधिकाऱ्याने कोणावर विश्वास ठेवायचा? फौजदारी कायद्याचे तत्त्व स्पष्ट आहे, आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्याची. चलान म्हणजे निकाल नव्हे, तो आरोप आहे. फोटो पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार त्यासोबत प्रमाणपत्र लागते. म्हणून फिल्म काढण्याआधी कडेचा फोटो आणि, काचेचा वाद असेल तर, यंत्राचा आकडा नोंदवणे यात पोलिसांचाच फायदा आहे. नोंद पक्की असेल तर खोटा बचाव पहिल्याच तारखेला कोसळतो.

या मुद्द्यावर सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो मी हलक्याने घेत नाही. काळ्या काचांआड अपहरण होते, बलात्कार होतो, गुन्हेगार नाकाबंदीतून निसटतात. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामागेही हीच चिंता होती. अशा विषयात पुराव्याचा कीस काढणे म्हणजे महिलांच्या सुरक्षिततेशी खेळणे, असे कोणी म्हणेल. पण २०१२ सालीच काय घडले ते आठवून पाहावे. बंदी ४ मे रोजी लागू झाली. १६ डिसेंबरला दिल्लीत ज्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला, त्या बसला काळ्या काचा आणि पडदे होते. बंदी लागू होऊन सात महिने उलटल्यावर ती बस राजधानीच्या रस्त्यांवर फिरत होती. घटनेनंतर केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांना काळ्या काचांच्या आणि पडद्यांच्या बसवर कारवाईची नव्याने घोषणा करावी लागली. त्या मुलीचे रक्षण करण्यात नियम कमी पडला नव्हता. त्याची अंमलबजावणी मनमानी होती, ती कमी पडली. ज्याला अडवायचे त्याला अडवायचे, ज्याला सोडायचे त्याला सोडायचे, ही मुभा अंदाजाच्या पद्धतीतच असते. आजही कोणत्याही शहरात नजर टाका. बोनेटवर पक्षाचा झेंडा लावलेल्या एसयूव्हीच्या काचा अपारदर्शक असतात आणि तिला कोणी हात करत नाही, आणि मागे कारखान्यातली हिरवट काच असलेली कुटुंबाची छोटी गाडी बाजूला घेतली जाते. २०१२ च्या निकालाने झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांचा तेवढा अपवाद विचारात घेतला, आणि तोही वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या समितीने तपासून. तालुका पातळीवरच्या पुढाऱ्यासाठी त्यात जागा नाही. यंत्राचा आकडा चलानवर सक्तीचा झाला, की किती गाड्या मोजल्या, किती सोडल्या याचा हिशेब तयार होतो, आणि झेंड्याच्या गाडीला न मोजता सोडणे अंमलदारालाही अवघड जाते. खरोखर धोकादायक असलेल्या गाड्या पकडायच्या असतील, तर मोजमापाचा आग्रह सुरक्षिततेच्या बाजूचाच आहे.

दुसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण २०१२ नंतर नियमच बदलला. १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० मध्ये सुरक्षा काचेच्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’लाही मान्यता मिळाली, आणि त्याच्या भारतीय मानकात आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेल्या काचेचाही समावेश आहे. याच आधारावर सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्या. एन. नगरेश यांनी निर्णय दिला, की ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या, मानकात बसणाऱ्या फिल्मसाठी वाहनमालकाला दंड करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जुन्या नियमाचा अर्थ लावणारा होता, हा त्यामागचा तर्क. या निकालाचा दाखला आता महाराष्ट्रातले ॲक्सेसरीजवाले सर्रास देतात आणि ‘केरळात चालते’ म्हणून फिल्म विकतात. ग्राहकाने इथे सावध राहावे. केरळ उच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांना बंधनकारक नाही, तो फार तर मार्गदर्शक ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार सगळ्यांवर बंधनकारक आहे. माझे स्वतःचे मत विचाराल, तर कारखान्यात प्लास्टिकच्या थरासह तयार होऊन मानकाच्या चाचण्या पार केलेली काच वेगळी, आणि गल्लीतल्या दुकानात साबणाच्या पाण्याने चिकटवलेली फिल्म वेगळी. पहिलीला नियमाने जागा दिली आहे, दुसरीला दिली आहे असे मला वाटत नाही. पण हे ठरवण्याची जागा न्यायालय आहे, चौक नव्हे. आणि न्यायालयापुढे प्रश्न जातो तो कोणीतरी चलान न भरता त्याला आव्हान दिले म्हणूनच.

फिल्मच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही दोन गोष्टी ऐकवल्या पाहिजेत, कारण आव्हान देण्याचा हक्क म्हणजे काहीही खपवण्याचा परवाना नव्हे. पहिली गोष्ट हिशेबाची. फिल्मच्या पाकिटावर ‘५० टक्के’ लिहिलेले असते ते फिल्मपुरते. गाडीची मूळ काचच ७५ टक्के प्रकाश सोडत असेल, तर तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म चढवल्यावर आरपार जाणारा प्रकाश उरतो साडेसदतीस टक्के. म्हणजे केरळच्या निकालाचा सर्वांत उदार अर्थ लावला, तरी ती गाडी दोषीच. दुकानदार हा गुणाकार सांगत नाही. दुसरी गोष्ट उन्हाची. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात गाडीची भट्टी होते हे खरे आहे आणि लहान मूल मागच्या आसनावर असलेल्या आईबापांची अडचण कोणी नाकारू नये. पण उष्णता आणि काळोख या वेगळ्या गोष्टी आहेत. सूर्याच्या ऊर्जेचा जवळजवळ निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असतो. ते किरण अडवणारी काच दिसायला जवळपास स्वच्छ असू शकते. काळ्या रंगाने लपते ते आतले माणूस, आणि नियमाला हरकत नेमकी त्याला आहे.

राहता राहिला व्यवहाराचा आक्षेप. पाचशे रुपयांसाठी कोण कोर्टाची पायरी चढणार? अर्ध्या दिवसाचा खाडा, पार्किंग, झेरॉक्स, आणि शेवटी पुढची तारीख. आधीच तुंबलेल्या न्यायालयांत आणखी भर कशाला? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी पाचशे आणि पुढच्या प्रत्येक वेळी दीड हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कलम २०० खाली तडजोड शुल्क भरले की प्रकरण तिथेच मिटते आणि बहुतेकांना तेच हवे असते. ज्याच्या काचेवर खरोखर काळी फिल्म आहे, त्याने हेच करावे. फिल्म काढावी, पैसे भरावेत आणि कोर्टाचा वेळ घेऊ नये. पण ज्याच्या गाडीला कारखान्यातलीच काच आहे आणि चलानवर ना आकडा आहे ना फोटो, त्याने पैसे भरले तर तोच अंमलदार त्याच काचेसाठी पुढच्या महिन्यात पुन्हा चलान करू शकतो, आणि मग दीड हजार. अशा माणसाने आधी ई-चलानच्या तक्रार विभागात काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा आणि कडेचा फोटो जोडून चलान रद्द करण्याची मागणी करावी. तिथे दाद लागली नाही आणि प्रकरण आभासी न्यायालयात आले, तर तिथेही दंड भरणे आणि खटला लढवणे असे दोन्ही पर्याय असतात. लढवण्याचा पर्याय निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जाते. तिथे मागायच्या गोष्टी मोजक्या आहेत: कोणत्या काचेबद्दल आरोप आहे, फिल्म होती की नव्हती, प्रकाश किती टक्के मोजला, कोणत्या यंत्राने, आणि ते यंत्र शेवटचे कधी तपासले होते. लोकअदालतीची वाट पाहत चलान पडू देणे हा या सगळ्यावरचा उपाय नाही. तिथे रक्कम कमी होते, पण आरोप खरा होता की खोटा हा प्रश्न कोणी विचारतच नाही, आणि दोषी नसलेला माणूसही सवलतीच्या दरात दोषी ठरून घरी जातो. न्यायालयांवरचा ताण कमी करायचा तर चलानच पुराव्यानिशी निघाले पाहिजे. पुरावा समोर असेल तर लढायला कोण येणार?

आव्हानाचा हक्क दिला की दोषी लोकही त्याचा वापर वेळ काढण्यासाठी करतील, ही भीतीही बोलून दाखवली जाते. करतील, काही जण नक्की करतील. पण आज तेच लोक काहीही न करता चलान थकवतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. उलट मोजलेला आकडा कागदावर असेल, तर अशा खटल्याला एक-दोन तारखांपेक्षा जास्त वेळ लागण्याचे कारण नाही.

महाराष्ट्र सरकारला यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. प्रत्येक शहराच्या वाहतूक शाखेला आणि आरटीओच्या भरारी पथकाला प्रकाश मोजण्याची यंत्रे द्यावीत. बाजारातल्या तराजूवर जसा वैधमापन विभागाचा शिक्का लागतो, तशी या यंत्रांची ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी आणि तिची तारीख चलानवर छापली जावी. ई-चलानच्या यंत्रात ‘काळी काच’ या शेऱ्याखाली तीन रकाने सक्तीचे करावेत: कोणती काच, फिल्म आहे की मूळ काच, आणि मोजलेली टक्केवारी किंवा कडेचा फोटो. रकाने भरल्याशिवाय पावती निघूच नये. शिवाय, २०२१ च्या बदललेल्या नियमाचा अर्थ राज्य कसा लावते, हे परिवहन आयुक्तांनी लेखी परिपत्रक काढून जाहीर करावे. आज पुण्यात एक अंमलदार फिल्मचे मानक विचारतो, तर पुढच्या चौकातला दुसरा न विचारता ती फाडून काढतो, आणि दोघेही कायद्याचेच नाव घेतात. परिपत्रक चुकीचे निघाले तर कोणी मुंबई उच्च न्यायालयात जाईल आणि तिथे सोक्षमोक्ष लागेल, पण निदान वाहनमालकाला आणि अंमलदाराला कोणता नियम आपल्याला लागू आहे हे नाकाबंदीच्या आधी माहीत असेल.